फुंकेवर चालणारं लेथ

माणसाची हरवलेली वस्तू कुठे आहे हे देवाला पहिल्यापासून ठाऊक असतं, पण तो पटकन सांगत नाही. सांगितलं तर माणूस हातपाय कशाला हलवेल? आणि बिचाऱ्या देवाची करमणूक कशी व्हायची? या घरातला काळा हत्ती कुठे गेला तेही देवाला ठाऊक होतं. तुम्हालाही थोड्या वेळानं सांगतो. घरातल्यांना मात्र इतक्यात कळू द्यायचं नाही. आधी भांडण ऐका.

घर एका चष्मेवाल्याचं. चौकात त्याचं चष्म्यांचं दुकान. घरात त्याची बायको, आई आणि वडील आप्पा. आप्पांची सगळी नोकरी कोर्टात पुकारा करण्यात गेली. कोर्टाच्या दारात उभं राहून पक्षकारांची नावं मोठ्यानं पुकारायची, हे काम. नोकरी संपली, पण आवाज काही निवृत्त झाला नाही. आप्पा घरात मीठ मागायचे तेव्हा समोरच्या घरातली बाई दचकून मिठाची बरणी शोधायची.

सुनेचे वडील बेकरीवाले. मनानं लोण्यासारखे आणि अंगानंही. दर रविवारी भट्टी निवली की ताजा गरम पाव कागदात गुंडाळून काखेत मारायचा आणि व्याह्यांकडे बुद्धिबळ खेळायला यायचं, हा त्यांचा नेम. पट आणि मोहरी लाकडी होती, जुन्या कातकामाची. लेकीच्या लग्नात त्यांनीच ती आप्पांना भेट दिली होती. आप्पा पांढरी घेत, बेकरीवाले काळी. आप्पा जिंकत आणि बेकरीवाले हसत.

एका रविवारी आप्पांनी बेकरीवाल्यांचा हत्ती मारला. पुढे खेळ रंगला आणि एकाएकी आप्पा पटाभोवती बघू लागले.

"व्याही, मी मारलेला तुमचा हत्ती कुठे आहे?"

"मला काय माहीत? मारलात तुम्ही."

"मघाशी मला शिंक आली तेव्हा तुमचा हात कुठे होता?"

"बिस्किटावर."

"बिस्किटावर! म्हणजे मेलेला हत्ती गुपचूप उचलायचा आणि संधी मिळाली की जिवंत करून पटावर घुसवायचा. वा!"

"अहो आप्पा," बेकरीवाले अजून हसतच होते, "हा पट मीच तुम्हाला दिलाय. स्वतः दिलेली वस्तू मी चोरीन का?"

"म्हणूनच जीव अडकला असेल तिच्यात!"

हे वाक्य आप्पांनी त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हटलं. म्हणजे गल्लीनं ऐकलं. सून चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती, तिनंही ऐकलं. बेकरीवाल्यांचं हसू मावळलं. ते उठले, चपला घातल्या, पायऱ्या उतरले आणि खालून म्हणाले, "हत्ती सापडेपर्यंत मी या घराची पायरी चढणार नाही."

साधा माणूस एकदा अडून बसला की हलत नाही. त्यानंतर दर रविवारी बेकरीवाले यायचे, पण रस्त्यावरच थांबायचे. पाव कठड्यावर ठेवायचे. लेक वरच्या पायरीवर यायची. "बरी आहेस ना?" "बरी आहे." एवढं बोलणं झालं की ते माघारी फिरायचे. वळणावर त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत ती उभी राहायची, आणि मग आत जाऊन पावाला सुरी लावायची. बाप आणि लेक यांच्यामध्ये तीन पायऱ्या आणि एक लाकडाचा हत्ती, बाकी काही नाही. पण ते ओलांडायचं कसं?

आता हत्ती कुठे होता ते सांगतो. मारलेलं मोहरं सदऱ्याच्या खिशात टाकायची आप्पांना जुनी खोड. खेळ संपला की खिसा पटावर रिकामा करायचा. त्या दिवशी खेळ संपलाच नाही. दुसऱ्या दिवशी तो सदरा धुलाईच्या मशीनमध्ये गेला. सून एरवी सगळे खिसे तपासून बघते, पण त्या दिवशी ती डोळे पुसत कपडे टाकत होती. हत्ती चादरींबरोबर फिरला, पोहला, तळाच्या चकतीच्या फटीतून खाली घसरला आणि पाणी बाहेर जायच्या तोंडात रुतून बसला. मशीन पाणी सोडेना. घरातल्यांना एवढंच दिसलं की मशीन बिघडलं.

"अहो, पाणी का अडलंय ते जरा बघता का?" सून नवऱ्याला म्हणाली.

चष्मेवाल्यानं मशीनवर दोन टिचक्या मारल्या, कान लावला आणि निदान केलं. "म्हातारं झालंय. पण मोटार अजून तरणीताठी आहे. अगं, मला एक कल्पना सुचलीय."

नवऱ्याला कल्पना सुचली की सून आधी जवळपासची काचेची भांडी उचलून ठेवायची.

"दुकानांत विचारून दमलो. सुटा हत्ती कोणी विकत नाही. मग आपणच केला तर? या मोटारीचं लेथ करतो. घरच्या घरी! लाकूड गरगर फिरतं, आपण नुसती सुताराची पटाशी टेकवायची, की गोल कातलं जातं. पेन्सिलीला टोक करताना आपण पेन्सिल फिरवतो ना, तसंच. नवा हत्ती पटावर, बाबा घरात, भांडण खलास."

"बाबा घरात" हे ऐकलं आणि सुनेनं पुढचं काही विचारलं नाही. म्हणून मशीनचं पोट कोणी उघडून बघितलं नाही. मोटार आणि वरचा बटणांचा भाग तेवढा काढला आणि मशीनचं उरलेलं पिंप मागच्या अंगणात लोटून दिलं. हत्ती करायला निघालेल्या माणसानं हत्ती आपल्या हातांनी घराबाहेर काढला. काखेत कळसा म्हणतात तो हाच. इथे गावाला वळसाही घालायचा नव्हता, नुसतं मागच्या दारी जायचं होतं.

लेथ उभं राहिलं पुढच्या व्हरांड्यात. जुन्या दाराची जाड फळी, तिच्या एका टोकाला मोटार, मोटारीच्या पट्ट्यावर फिरणारा लोखंडी दांडा आणि त्याच्या टोकाला लाकडात रुतणारे खिळे. दुसऱ्या टोकाला शिकंज्याचा स्क्रू घट्ट पिळून लाकूड दोहोंमध्ये धरायचं. समोर पटाशी टेकवायला एक आडवी लोखंडी पट्टी. एवढं सगळं ठीक होतं, देवाशपथ ठीक होतं. चूक झाली ती वायरींत. कुठली वायर कशाची हे कळेना, म्हणून चष्मेवाल्यानं मशीनचं सगळं डोकंच उचलून फळीवर बसवलं. गोल बटण, त्यावर लिहिलेलं 'नाजूक', 'रोजचे', 'चादरी', 'पिळणे', सगळं तसंच. मोडक्या खुर्चीचा पाय लेथवर चढवला, बटण 'रोजचे'वर आणलं आणि कळ दाबली.

मशीन गुणगुणलं. आणि गुणगुणतच राहिलं.

"कशाची वाट बघतंय?" सासूबाईंनी विचारलं.

"पाण्याची," सून म्हणाली. ती रोज ते मशीन चालवत होती, तिला ठाऊक होतं. "पाणी भरल्याशिवाय ते फिरत नाही."

"लेथमध्ये पाणी?" चष्मेवाला हिरमुसला. बटणामागून एक रबरी नळी लोंबत होती. तिच्यातला कचरा काढावा म्हणून त्यानं ती तोंडात धरून फुंकली, आणि लेथ धडधडून फिरायला लागलं! पिंपात पाणी चढलं की या नळीतली हवा दाबली जाते, आणि त्या दाबावरून मशीन समजतं की पाणी भरलं. फुंकेलाच ते पाणी समजलं. चष्मेवाला आनंदानं ओरडला, "झालं!" ओरडायला तोंड उघडलं, नळी सुटली, लेथ थांबलं.

नळीला गाठ मारून बघितली, बूच लावून बघितलं. रबर जुनं, चिरा पडलेलं. हवा हळूहळू सुटायची. कोणीतरी सतत फुंकत राहायला हवं होतं. चष्मेवाल्याचे दोन्ही हात पटाशीवर. सुनेचे दोन्ही हात कपड्यांच्या साबणात, कारण मशीनचं लेथ झालं होतं.

"ह्यांना द्या," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "आयुष्यभर हवाच सोडलीय."

"मी?" आप्पा गरजले. "त्या हत्तीसाठी मी फुंकू? चोरी त्यांनी करायची आणि हवा मी भरायची?"

"आप्पा," सून एवढंच म्हणाली आणि ओले हात पदराला पुसत तशीच उभी राहिली.

आप्पांनी तिच्याकडे बघितलं, छपराकडे बघितलं. एक गंमत सांगतो, रविवारची दुपार त्यांनाही खायला उठत होती. एकट्यानं दोन्ही बाजू खेळून बघितल्या, पण स्वतःशी भांडताना मजा येईना. "फुंकतो," ते म्हणाले, "पण व्याह्यांनी माफी मागितली पाहिजे. आणि दुसरं म्हणजे—"

दुसरं काय ते कोणालाच कळलं नाही. चष्मेवाल्यानं नळी त्यांच्या तोंडात दिली होती.

आप्पांचे गाल पुरीसारखे फुगले. लेथ फिरलं. खुर्चीच्या पायावरून ढलप्या उडू लागल्या, लाकडाचा वास सुटला. चष्मेवाला धन्य झाला. एवढ्यात लेथनं एक सुस्कारा टाकला, क्षणभर थांबलं आणि उलटं फिरायला लागलं. पटाशी हातातून निसटली, व्हरांड्याच्या खांबावर आपटली आणि चपलांच्या ढिगात जाऊन पडली.

"अहो, ते कपडे धुतंय," सून म्हणाली. "एकदा इकडे, एकदा तिकडे. नाहीतर कपड्यांना पीळ पडतो ना."

पीळ खुर्चीच्या पायालाही पडला नाही, हे मान्य करावं लागेल. पण कातकाम म्हणजे तारेवरची कसरत झाली. लाकूड उजवीकडे फिरलं की पटाशी टेकवायची, सुस्कारा ऐकला की झटकन उचलायची, डावीकडच्या फेऱ्या होईपर्यंत बगळ्यासारखं उभं राहायचं, मग पुन्हा टेकवायची. पहिला हत्ती आळंब्यासारखा झाला. त्याच्या पुढचा इतका बारीक झाला की सासूबाईंनी तो दाराला खुंटी म्हणून ठोकून घेतला. एक जरा बरा जमत आला होता, पण आप्पांना राहवलं नाही. नळी काढून ते म्हणाले, "मान फार लांब होतेय!" तेवढ्यात लेथ कचकन थांबलं, पटाशी लाकडात घुसली आणि हत्तीची मान उडाली.

"आप्पा, बोलू नका!" चष्मेवाला रडकुंडीला आला.

आप्पा बोलायचे थांबले. आता ते भुवयांनी बोलू लागले. डावी भुवई म्हणजे जाड आहे, उजवी म्हणजे तुला अक्कल नाही. घरात अशी शांतता पसरली की समोरची बाई काळजीनं विचारून गेली, सगळं बरं आहे ना? सासूबाईंना मात्र ही पर्वणीच. त्या खुर्ची ओढून नवऱ्याशेजारी बसायच्या आणि लग्नापासून साठलेलं एकेक काढायच्या. "तुम्ही माझ्या भावाला टक्कल आहे असं भर पंक्तीत पुकारलं होतंत, आठवतं? मी तेव्हा काही बोलले नव्हते. आता बोलते." आप्पांची डावी भुवई वर जायची, पण नळी सोडायची सोय नव्हती. माणसाला मौनाचं महत्त्व किती सांगितलं तरी कळत नाही. देवानं ते रबरी नळीतून समजावलं.

असा रविवार उजाडला. चष्मेवाल्याच्या हाताला आता लय सापडली होती. लाकडात हत्तीची बैठक उतरली, मान उतरली, वरची तटबंदी आकार घेऊ लागली. आप्पा डोळे मिटून फुंकत होते. आणि खाली, रस्त्यावर, काखेत पाव घेऊन बेकरीवाले उभे राहिले.

थोडा वेळ ते बघतच राहिले. मशीन इकडे फिरतंय, तिकडे फिरतंय, जावई पटाशी टेकवतोय, उचलतोय, आणि व्याह्यांच्या तोंडात नळी.

"हे काय? आप्पांना बरं नाही?"

"तुमच्यासाठी हत्ती होतोय, बाबा!" चष्मेवाला नजर न हलवता ओरडला. "आप्पा, सोडू नका हं! शेवटचा हात फिरतोय."

बेकरीवाल्यांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी बेकरीवाल्यांकडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असं झालं होतं की बेकरीवाले तोंड उघडणार आणि आप्पांना ते मध्येच तोडता येणार नाही.

"आप्पा, बोलू का जरा?" बेकरीवाल्यांनी पाव कठड्यावर ठेवला. "मला बुद्धिबळ फारसं येत नाही. तुम्हाला वाटायचं मी खोल विचार करतोय, पण मला घोडा कसा चालतो तेच आठवत नसायचं. मी हरायलाच यायचो. मी हरलो की तुम्ही खूश. तुम्ही खूश असलात की माझी लेक दिवसभर गुणगुणत काम करायची. मला तेवढंच बघायचं असायचं. हत्तीचं काय घेऊन बसलात, माझी सगळी फौज मारा. पण मला चोर म्हणालात ते तिच्यासमोर. बाप तिला कधी तसा दिसला नव्हता."

आप्पा फुंकत होते, पण फुंक थरथरत होती. लेथ मधूनच अडखळत होतं.

त्याच वेळी मागच्या अंगणात सून ते जुनं पिंप उपडं करत होती. सासूबाईंना त्यात गुलाब लावायचा होता. पिंप उलटलं, तळाची नळी झटकली आणि तिच्यातून गढूळ पाण्याबरोबर काहीतरी टपकन बाहेर पडलं. काळं, साबणानं गुळगुळीत झालेलं, तटबंदीचा एक कंगोरा तुटलेला. तो कंगोरा तिनं लग्नाआधी बाबांच्या घरी, लहानपणी स्वतःच तोडला होता. हत्ती!

ती धावत पुढच्या दाराशी आली आणि उंबऱ्यावर थबकली. वडिलांचे शेवटचे शब्द तिच्या कानांवर पडले होते. हातात हत्ती होता. मशीनमधून निघाला म्हणजे घरातल्याच कोणाच्या तरी खिशातून गेला, आणि मारलेलं मोहरं खिशात कोण टाकतं हे तिला सांगायची गरज नव्हती. दाखवला तर बाबा सुटतात, पण आप्पांना तोंड दाखवायला जागा राहत नाही. लपवला तर नवा हत्ती आहेच, बाबा तरीही वर येतील. पण ते चोर नव्हते हे मग कधीच सिद्ध होणार नाही. तिनं मूठ मिटली. मुठीतून साबणाचं पाणी ठिबकत होतं.

आप्पांनी ते ठिबकणं पाहिलं. मिटलेल्या बोटांमधून डोकावणारा काळा कंगोरा पाहिला. त्यांचा हात आपोआप सदऱ्याच्या खिशाकडे गेला. दोन्ही भुवया एकदम वर चढल्या आणि तिथेच राहिल्या.

नेमकं त्याच क्षणी फळीवरचं बटण टिक करून आपसूक पुढे सरकलं. 'पिळणे'.

पिळताना मशीनला पाणी लागत नाही, म्हणजे फुंकही लागत नाही. लेथ किंचाळलं. नवा हत्ती दिसेनासा झाला, नुसती एक करडी रेघ उरली. सगळी फळी थरथरत व्हरांड्यातून चालू लागली. "आप्पा, नळी सोडा! सोडा!" चष्मेवाला ओरडला. आप्पांनी केव्हाच सोडली होती, ऐकतो कोण! चष्म्याच्या काचांवर भुसा, चष्मेवाल्याला काही दिसेना, सासूबाई देवाचं नाव घेत खुर्चीवर चढल्या. लेथ चालत चालत पायरीच्या कडेपर्यंत गेलं, स्वतःची वायर ताणून स्वतःच उपटली आणि थांबलं. नवा हत्ती मात्र सुटून निघाला. सणसणत बेकरीवाल्यांच्या कानावरून गेला आणि कठड्यावरच्या गरम पावात घुसून बसला.

सगळे आप्पांकडे बघू लागले, कारण तोंड मोकळं होतं.

आप्पा उठले. व्हरांड्याच्या कडेला ताठ उभे राहिले, अगदी कोर्टाच्या दारात उभे राहायचे तसे. छाती भरून श्वास घेतला.

"ऐका हो ऐका! काळा हत्ती खिशात घालणारे आणि सज्जन माणसावर आळ घेणारे आप्पा हजर आहेत! आरोपी हजर आहे हो!"

समोरची बाई गॅलरीत आली. आप्पांनी तिच्यासाठी पुन्हा एकदा पुकारलं. आळ गल्लीनं ऐकला होता, मग सुटका गल्लीनं ऐकायला नको?

मग ते तीन पायऱ्या खाली उतरले. "व्याही, पायरी तुम्ही चढायची नाही म्हणालात. मी उतरलो." आवाज इतका हळू होता की सासूबाईंना वाटलं, आता खरंच बरं नाही. "माफी तुम्ही नाही, मी मागायची."

सुनेनं मूठ उघडली आणि हत्ती वडिलांच्या हातात ठेवला. "बाबा, हा मशीनच्या नळीत होता. त्यानंच पाणी अडवलं होतं."

चष्मेवाल्यानं काचा पुसल्या, हत्तीकडे बघितलं, लेथकडे बघितलं, बायकोच्या साबणानं सोलवटलेल्या हातांकडे बघितलं. "म्हणजे मशीन चांगलं होतं?"

"पाणी का अडलंय ते बघा, एवढंच म्हणत होते मी," सून म्हणाली.

बेकरीवाले इतके हसले की त्यांना खालच्याच पायरीवर बसावं लागलं. पावातला हत्ती त्यांनी उपटून काढला, फिरवून फिरवून पाहिला. "जावईबापू, हत्तीपेक्षा बरणीचं झाकण दिसतोय. पण राहू द्या पटावर, घरात वाढलाय." मग त्यांची नजर लेथवर गेली. "इकडे फिरतं, थांबतं, तिकडे फिरतं. अहो, बेकरीत पीठ मळायला मी असंच यंत्र शोधतोय!"

"माफीचं काय?" आप्पांनी विचारलं.

"माफी कशाला? माझी एकच अट आहे," बेकरीवाले म्हणाले. "माझ्याशी खेळताना ती नळी तोंडात धरायची."

आता दर रविवारी व्हरांड्यात पट मांडलेला असतो. पलीकडे त्याच फळीवर पातेलं, पातेल्यात लाकडी पळी, आणि पळी पावाचं पीठ मळत असते, एकदा इकडे, एकदा तिकडे. सुनेला नवं मशीन आलं; ते कपडे धुतं आणि दुसरं काही करत नाही. आप्पा गाल फुगवून फुंकतात आणि हातानं प्यादी सरकवतात. बेकरीवाले आरामात, मध्ये कोणी तोडत नसल्यामुळे, सगळ्या आठवड्याच्या गोष्टी सांगतात. परवा त्यांनी चुकून आप्पांचा वजीर मारला. घोडा कसा चालतो ते त्यांना आता कळलंय. आप्पांनी नळी काढली, "व्याही, हा डाव—"

"आप्पा!" आतून सून हसत ओरडली. "पीठ थांबलं!"

आप्पांनी नळी पुन्हा तोंडात धरली.